रिपोर्टवरचं ०.०४ : सीएमएल, बीसीआर-एबीएल आणि माझी फाईल

मागच्या महिन्यात जावेच्या भावाला सीएमएल निघाला. सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. रिपोर्ट हातात पडल्यापासून त्याचे मला फोन चालू आहेत, ताई हे बीसीआर-एबीएल म्हणजे काय, हे टक्के कशाचे, माझे ५८ आलेत म्हणजे अंगात ५८ टक्के कॅन्सर आहे का. मला हाच आजार आहे आणि मलाही सुरुवातीला अगदी हेच प्रश्न पडले होते, तेव्हा आपल्या भाषेत नीट समजावून सांगणारं कोणी भेटलं नव्हतं, म्हणून माझ्या बाबतीत जे जे झालं ते सलग लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, विट्याला सहकारी बँकेत कॅशियर आहे. पण गेली काही वर्षं हा एक आकडा घेऊनच जगतेय त्यामुळे त्याच्याबद्दल थोडंफार कळायला लागलंय.

२०२१ चा पावसाळा. घरात सगळ्यांना कोविड होऊन गेलेला, बाकीचे सावरले, मी काही सावरत नव्हते. जिना चढले की दम लागायचा, रात्री घामानं उशी ओली व्हायची, आणि जेवण एकदम कमी झालं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च. डाव्या बरगडीखाली सारखं जड जड वाटायचं. गावातल्या डॉक्टरांनी कोविडनंतरचा अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, मग ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, थायरॉइड तपासलं. साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, मात्र दिवाळी उरकेपर्यंत कोणी सांगितलीच नाही, आणि वजन तोवर चांगलंच उतरलं होतं.

शेवटी सीबीसी केली. संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन, ताई परत या, रक्त पुन्हा घ्यायचंय. दुसऱ्यांदाही तेच आलं. पांढऱ्या पेशी १,८६,०००, जिथे ४ ते ११ हजार असायला पाहिजेत. प्लेटलेट ६ लाखांच्या वर. खाली शेऱ्यात मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बेसोफिल असली नावं. म्हणजे ज्या कच्च्या पेशी बोनमॅरोत, हाडाच्या आतल्या मगजात, असायच्या त्या बाहेर रक्तात फिरत होत्या.

सांगलीच्या फिजिशियननी पोटावर हात ठेवल्या ठेवल्या सांगितलं की प्लीहा वाढलीये. पेनानं पोटावर खूण केली आणि टेपनं मोजलं, बरगडीखाली ९ सेंटिमीटर. मला वाटलं नुसतं फाईलला लिहून ठेवायला मोजतायत, पण या ९ चा पुढे उपयोग झाला, ते सांगते. ते म्हणाले, पांढऱ्या पेशी मोठ्या इन्फेक्शनमध्येही वाढतात, आणि बोनमॅरोचे अजूनही आजार असतात ज्यात प्लीहा आणि पेशी दोन्ही वाढतात, त्यामुळे माझा अंदाज सीएमएलचा असला तरी जनुकाची टेस्ट येईपर्यंत मी कागदावर तसं लिहिणार नाही. तेव्हा त्यांचा राग आला होता, सरळ सांगत का नाहीत म्हणून. आज वाटतं तेच बरोबर होते. त्या एका टेस्टवरच सगळं ठरतं.

पुण्याच्या हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्ताच्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूब घेतल्या आणि कमरेच्या मागच्या हाडातून बोनमॅरो काढला. जागा बधिर करतात त्यामुळे सुई टोचताना फार कळत नाही, पण मॅरो ओढताना जी एक कळ जाते ती शब्दांत सांगता येणार नाही, काही सेकंदच असते पण असते. ज्यांची व्हायची आहे त्यांना मी खोटं सांगत नाही, दुखतं, आणि लगेच थांबतं.

रिपोर्ट यायच्या आधीच पेशी कमी करायला हायड्रॉक्सीयुरिया आणि युरिक ॲसिड वाढू नये म्हणून ॲलोप्युरिनॉल चालू केलं. मग एकेक रिपोर्ट येत गेले. फिश नावाची टेस्ट असते, त्यात रंग लावून एकेक पेशी मायक्रोस्कोपखाली बघतात, २०० पेशी बघितल्या त्यातल्या ९६ टक्क्यांत बीसीआर-एबीएल सापडलं. कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे क्रोमोसोम (गुणसूत्रं) मांडून बघतात त्या टेस्टमध्ये, ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल दिसली. आणि पीसीआरमध्ये बीसीआर-एबीएलचा पी२१० प्रकार पॉझिटिव्ह. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर.

डॉक्टरांनी ज्या पद्धतीनं समजावलं ते आमच्या ह्यांना एका झटक्यात कळलं कारण आमची द्राक्षबाग आहे. ९ नंबरच्या क्रोमोसोमवर एबीएल नावाचं जनुक असतं, पेशी वाढायचा हुकूम देणारं, आणि ते गरजेपुरतं चालू होतं, काम झालं की बंद. ९ आणि २२ चे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेले की हे एबीएल जाऊन २२ वरच्या बीसीआर जनुकाला चिकटतं, आणि मग विहिरीवरच्या मोटारचा स्टार्टर चिकटावा तसं होतं, मोटार चालूच राहते, पाणी पाटातून वाहून जातंय, बाग सडतेय, तरी बंद होत नाही. त्या चिकटलेल्या स्टार्टरवर नेमकी जाऊन बसणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब.

पुढे मी याबद्दल वाचत गेले. १९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना या पेशंटांच्या पेशीत एक क्रोमोसोम नेहमीपेक्षा आखूड दिसला, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. तो आखूड का, तर त्याचा तुकडा ९ नंबरला गेलाय, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. आणि इमॅटिनिबला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००१ मध्ये. म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसलेल्या एका आखूड काडीपासून गोळीपर्यंत पोचायला ४० वर्षं गेली. माझे एक मामा मी लहान असताना पोट फुगून, अशक्त होत होत गेले, घरात फक्त ब्लड कॅन्सर एवढंच बोललं जायचं. त्यांना सीएमएलच होता का हे आता कळायचा मार्ग नाही. पण त्या काळात सीएमएल निघाला तर पेशंट साधारण चार-सहा वर्षं काढायचा, आणि आज वेळेत निदान होऊन गोळी लागू पडली तर जवळजवळ इतरांइतकंच आयुष्य मिळतं. हे वाचलं त्या दिवशी मी बँकेच्या स्ट्राँगरूममध्ये जाऊन रडून घेतलं होतं.

मामांच्या आठवणीमुळे सासूबाईंना वेगळीच धास्ती, पोरांना उतरणार का. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, आजी, ही अदलाबदल जन्मताना नसते, मोठेपणी बोनमॅरोतल्या एका पेशीत होते आणि तिच्यापासून बाकीच्या तयार होतात, ती आईकडून लेकरात जात नाही. तरी घरी येऊन त्यांनी दोन्ही नातवंडांची सीबीसी करून घेतलीच, आणि नॉर्मल आल्यावरच त्यांचा जीव भांड्यात पडला.

आता तो ९ सेंटिमीटरचा आकडा. सोकल स्कोअर नावाचा एक हिशेब १९८४ पासून आहे, त्यात पेशंटचं वय, प्लीहा बरगडीखाली किती सेंटिमीटर, प्लेटलेट किती आणि रक्तात ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या, पेशी किती टक्के असे चारच आकडे घालतात आणि धोका कमी, मध्यम की जास्त हे काढतात. उपचार सुरू व्हायच्या आधीचे आकडे लागतात, गोळी सुरू झाली की प्लीहा आत जाते मग मोजून उपयोग नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी टेप लावली नसती तर माझा स्कोअर निघालाच नसता. तो मध्यम आला. पण पुण्याच्या डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं ते मी फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, हा स्कोअर आजचा अंदाज आहे, तुमचं पुढे काय होणार हे तुमचा दर तीन महिन्यांचा बीसीआर-एबीएल सांगणार.

आणि टक्क्यांबद्दल. जावेच्या भावाला पहिल्यांदा हेच सांगितलं की ५८ टक्के म्हणजे अंगातला ५८ टक्के भाग कॅन्सरचा असं मुळीच नाही. पीसीआरमध्ये रक्तातल्या आरएनएमधून बीसीआर-एबीएलच्या कॉपी मोजतात आणि तुलनेसाठी एका कंट्रोल जीनच्या कॉपी मोजतात, बहुतेक ठिकाणी तो एबीएलच असतो, आणि एकाला दुसऱ्यानं भागतात. मग प्रत्येक लॅबचं मशीन वेगळं, केमिकल वेगळं, म्हणून त्या उत्तराला लॅबच्या ठरलेल्या गुणकानं गुणून इंटरनॅशनल स्केलवर आणतात, रिपोर्टवर त्याला आयएस लिहिलेलं असतं. या स्केलवर १०० म्हणजे इमॅटिनिबच्या पहिल्या मोठ्या ट्रायलमधल्या पेशंटांची उपचाराआधीची सरासरी पातळी. तिथून हजार पटीनं खाली आलात की ०.१ टक्का, याला एमएमआर म्हणतात, मेजर मॉलेक्युलर रिस्पॉन्स, आमच्यासारख्यांचा पहिला मोठा टप्पा. तीन महिन्यांत १० च्या खाली, सहा महिन्यांत १ च्या खाली, वर्षात ०.१ च्या खाली, असं वेळापत्रक असतं. फिश साधारण शंभरात एक पेशी पकडते, पीसीआर लाखात एक, म्हणून पुढची सगळी देखरेख पीसीआरवर.

माझी सुरुवात ६२ नं झाली. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, मोठा तांब्याभर पाणी पिऊन. सकाळी डोळ्यांखाली सूज, रात्री पोटऱ्यांत गोळे, आणि कातडी उजळत गेली, काउंटरवर येणाऱ्या बायका म्हणायच्या मॅडम गोऱ्या झालात, काय लावता. तोही गोळीचाच परिणाम. पण पेशी महिन्याभरात नॉर्मलला आल्या, प्लीहा हाताला लागेनाशी झाली, भूक परतली. तीन महिन्यांना ७.८ आला, १० च्या आत, सगळे खूश. सहा महिन्यांना १.४. डॉक्टर जरा थबकले, म्हणाले १ च्या खाली पाहिजे होता, फार नाही पण लक्ष ठेवू.

इथून पुढचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

नऊ महिन्यांची टेस्ट आली तेव्हा घरात सासऱ्यांचं ऑपरेशन, पुण्याला जाणं जमेना, म्हणून जवळच्या एका कलेक्शन सेंटरला रक्त दिलं, त्यांनी ते त्यांच्या मोठ्या लॅबला पाठवलं. रिपोर्ट मोबाईलवर आला, ०.०४. ०.१ च्या खाली! वर्ष व्हायच्या आत एमएमआर! ह्यांनी पेढे आणले, बँकेत वाटले, दादा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात कोईमतूरला असतो त्यानं फोनवरूनच सांगितलं की माझ्यातर्फे रेवणसिद्धाला नारळ फोड. सीबीसीही अगदी व्यवस्थित, पेशी ६ हजार, हिमोग्लोबिन १२ च्या वर. मला बरंच वाटत होतं, दम लागत नव्हता, काही नाही.

रिपोर्ट पुण्याला व्हॉट्सॲप केला. डॉक्टरांचा दुपारी स्वतः फोन आला. त्यांनी विचारलं, मॅडम, या ०.०४ च्या पुढे टक्क्याची खूण आहे का? बघितलं तर नव्हती. रेशो एवढंच लिहिलेलं. ते म्हणाले हा नुसता भागाकार आहे, याला १०० नं गुणायचं म्हणजे ४ टक्के, आणि कुठेही आयएस लिहिलेलं नाही त्यामुळे ते ४ सुद्धा आपल्या आधीच्या १.४ शेजारी मांडता येत नाहीत. नेहमीच्या लॅबला पुन्हा द्या, उद्याच द्या.

नेहमीच्या लॅबमध्ये ३.६ आला. आयएसवर. म्हणजे १.४ वरून वर चढला होता.

त्या लॅबबद्दल मला आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही. यांत्रिक चूक नव्हती, भागाकार बरोबर होता, पण कॅन्सरच्या पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर एकक नाही, स्केल नाही, समजावणारी ओळ नाही. मी फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं की तुमच्या डॉक्टरांना कळतं. माझ्या डॉक्टरांना कळलं हे माझं नशीब. बाहेरगावच्या डॉक्टरांना रिपोर्ट न पाठवता पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत फाईलला लावून ठेवणारे किती असतील? पैसे तर सगळेच भरतात, प्रत्येक टेस्ट काही हजारांची असते आणि मेडिक्लेममध्ये ॲडमिट न होता केलेल्या टेस्टचे पैसे मलातरी मिळाले नाहीत.

पुण्याला गेल्यावर पहिला प्रश्न, गोळी चुकते का. एकदाही चुकली नव्हती, ह्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खूण केलेली, ते कॅलेंडरच आम्ही सोबत नेलं होतं. दुसरा प्रश्न, दुसरं काही औषध चालू आहे का, टीबीची गोळी, फिटची गोळी, कुठलं आयुर्वेदिक, कारण काही औषधांनी इमॅटिनिब शरीरातून लवकर निघून जातं. तेही नव्हतं. मग ते म्हणाले, आता जनुकातच काही बदल झालाय का ते बघायला लागेल. बीसीआर-एबीएलच्या ज्या खाचेत गोळी बसते तिथलं एखादं अक्षर बदललं की गोळी नीट बसत नाही, पेशी परत वाढायला लागतात. म्युटेशन ॲनालिसिस म्हणतात त्याला. सोबत बोनमॅरो पुन्हा, आजार पुढच्या स्टेजला सरकलाय का ते बघायला. सीएमएलच्या तीन अवस्था असतात, क्रॉनिक, ॲक्सिलरेटेड आणि ब्लास्ट, आणि ब्लास्टपर्यंत गेलं तर हातातून निसटायला वेळ लागत नाही.

त्या रिपोर्टची वाट बघणं निदानाच्या दिवसांपेक्षा वाईट होतं. निदान झालं तेव्हा मी आजारी होते, आता मी ठणठणीत होते. बँकेत रोकड मोजायचे, घरी येऊन भाकऱ्या थापायचे, धाकटीचा अभ्यास घ्यायचे, आणि आत काहीतरी चढत चाललंय हे फक्त एका कागदाला माहीत. शेजारणी म्हणायच्या, अगं चांगली तर दिसतेस, कशाला त्या टेस्टच्या नादी लागतेस. त्यांचं प्रेम मला कळतं. पण सीबीसी नॉर्मल, वजन नॉर्मल, भूक नॉर्मल, आणि तरी बीसीआर-एबीएल वर जातोय, हे होऊ शकतं, माझ्या बाबतीत झालं. पेशी वाढून सीबीसीत दिसेपर्यंत थांबले असते तर कुठल्या अवस्थेत पोचले असते कोण जाणे.

बोनमॅरो ठीक आला, अजून क्रॉनिकच. म्युटेशनच्या रिपोर्टवर एक ओळ होती, एफ३५९व्ही. म्हणजे प्रोटीनमधल्या ३५९ व्या जागेवर फेनिलॲलनीन या अमिनो ॲसिडऐवजी व्हॅलिन आलंय. डॉक्टरांनी टेबलावरच्या तक्त्यात बोट ठेवून दाखवलं. इमॅटिनिबनंतरच्या गोळ्यांत निलोटिनिब आणि डॅसाटिनिब या आमच्यासमोर होत्या. या म्युटेशनला निलोटिनिब नीट लागू पडत नाही, डॅसाटिनिब पडतं. दुसरं एखादं असतं, उदाहरणार्थ एफ३१७एल, तर नेमकं उलट, डॅसाटिनिब नको निलोटिनिब चालेल. आणि टी३१५आय असतं तर दोन्ही नाहीत, पोनॅटिनिबसारखं वेगळंच औषध. म्हणजे एका अक्षरानं माझी गोळी ठरली. ही टेस्ट न करता अंदाजानं निलोटिनिब सुरू केलं असतं तर आणखी काही महिने वाया गेले असते आणि त्या काळात आजार बसून राहिला नसता.

डॅसाटिनिब १०० मिलिग्रॅम सुरू झालं. यात ॲसिडिटीच्या गोळीचं पथ्य असतं, पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल घेतलं की डॅसाटिनिब पोटात नीट शोषलंच जात नाही, हे केमिस्टलाही माहीत नव्हतं. आपल्याकडे अँटिबायोटिक लिहिलं की शेजारी ॲसिडिटीची गोळी येतेच, त्यामुळे मी आता दाताच्या डॉक्टरांकडे गेले तरी आधी हे सांगते.

तीन महिन्यांनी ०.५. मग ०.०७. तो कागद मी तीनदा वाचला, टक्क्याची खूण, आयएस, कंट्रोलच्या कॉपी, सगळं जागच्या जागी बघितलं आणि मगच ह्यांना सांगितलं. पेढे नाही आणले तेव्हा. सासूबाईंनी न बोलता पुरणाचा घाट घातला.

कंट्रोलच्या कॉपींचं पण सांगायला पाहिजे. एकदा शनिवारी रक्त दिलं, सोमवारी सुट्टी, पार्सल मुंबईला पोचेपर्यंत मंगळवार उजाडला. आरएनए नाजूक असतो, ट्यूबमध्येच तुटत जातो. रिपोर्टवर बीसीआर-एबीएल आढळलं नाही असं आलं, आणि खाली कंट्रोलच्या कॉपी चार हजारांच्या आसपास. निदान दहा हजार तरी लागतात, नाहीतर आढळलं नाही या शब्दांना अर्थ नाही, कारण सॅम्पलमध्ये शोधण्यासारखंच फार काही उरलं नव्हतं. त्या लॅबनं खाली स्पष्ट लिहिलं होतं की सॅम्पल अपुरं, पुन्हा पाठवा, आणि दुसऱ्यांदाचे पैसे घेतले नाहीत. अशी लॅब धरून ठेवायची. तेव्हापासून मी सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी रक्त देते आणि कुरिअर त्याच दिवशी निघतं का हे आधी विचारून घेते.

मधे एक अडचण आली. कोरडा खोकला, आडवं पडलं की धाप. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या बाहेर पाणी दिसलं. डॅसाटिनिबमध्ये हे होतं. गोळी थोडे दिवस बंद, मग कमी डोसनं सुरू. बंद असतानाचे ते दिवस मी झोपलेच नाही नीट, पण नंतरच्या टेस्टमध्ये आकडा हललेला नव्हता. आता ०.००९ च्या आसपास असतो, म्हणजे ०.०१ च्या खाली, याला एमआर४ म्हणतात, स्केलवरच्या १०० पेक्षा दहा हजार पटीनं कमी.

गोळीच्या किमतीबद्दल दोन शब्द, कारण हा विषय माझ्या मनाच्या फार जवळचा आहे. इमॅटिनिबची मूळ कंपनीची गोळी ग्लिव्हेक, तिचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जायचा, तेव्हा आपल्याकडच्या जेनेरिक कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. कंपनीला हवं असलेलं पेटंट सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०१३ ला नाकारलं, कायद्यातल्या ३(डी) कलमाखाली, की जुन्याच औषधाच्या नव्या रूपानं इलाजात खरी भर पडत नसेल तर पेटंट नाही. मी आजारी पडले तोवर किमती आणखी खाली आल्या होत्या. कॅशियरच्या पगारात मला पहिल्या दिवसापासून गोळी घेता आली ती यामुळे. त्या निकालाची तारीख मला पाठ आहे. तशी २२ सप्टेंबरही पाठ आहे, ९ आणि २२ च्या अदलाबदलीवरून जगभर तो सीएमएल दिवस पाळतात.

काही पेशंटांची गोळी पुढे बंदही करता येते. अनेक वर्षं गोळी घेऊन, आकडा दोन वर्षं तरी ०.०१ च्या खाली टिकला, तर डॉक्टर देखरेखीखाली थांबवून बघतात. सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर, आणि आकडा परत वर गेला तर, ज्यांचा जातो त्यांचा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच जातो, गोळी पुन्हा सुरू. निम्म्याच्या आसपास लोकांना ती परत लागत नाही. मी आशेनं विचारलं होतं. डॉक्टरांनी मान हलवली. एकदा गोळीला दाद न देता आजार वर आलाय आणि म्युटेशन निघालंय, अशा पेशंटमध्ये थांबवायचा धोका घेत नाहीत. वाईट वाटलं, थोडा वेळ. पण ते असंच अंदाजानं नाही म्हणाले, माझ्या फाईलमधला एफ३५९व्हीचा कागद काढून समोर ठेवला आणि मग नाही म्हणाले, त्यामुळे मला ते पटलं.

आमच्या ओपीडीच्या रांगेत नवीन माणसं येतात, कोकणातून, मराठवाड्यातून, बरीचशी तरुण, कारण आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा बऱ्याच कमी वयात निघतो. हातात रिपोर्ट आणि चेहऱ्यावर तेच प्रश्न. मी विचारते, दाखवता का जरा, आणि बोट ठेवून बघते, टक्के लिहिलंय का, आयएस आहे का, कंट्रोलच्या कॉपी दहा हजारांच्या वर आहेत का, मागच्या वेळची लॅब हीच होती का. मागच्या वेळी लातूरकडच्या एका पोराच्या तिन्ही टेस्ट तीन वेगळ्या लॅबच्या निघाल्या, जिथे ऑफर असेल तिथे वडील करून घ्यायचे. आकडे २, ११ आणि ०.८, त्यातून वर गेलं की खाली आलं हे कोणाला सांगता येणार. त्याच्या वडिलांना मी हात जोडून सांगितलं, काका, एकच लॅब धरा, आयएस देणारी, पाचशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. त्यांनी लॅबचं नाव वहीत लिहून घेतलं आणि मग माझा नंबर लागला म्हणून मी आत गेले.